नवसही आणि दवाखान्याची तारीखही

आम्ही कळमन्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज जरा जुन्या गोष्टी सांगायच्या आहेत, पण विषय आजचाच आहे. छातीतल्या गाठीचा, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचा. हा शब्द ऐकून कोणी रेडिओचा आवाज कमी केला असेल तर परत वाढवा. घरात पुरुषमंडळी बसली असतील तर त्यांनाही ऐकू द्या.

गुरुकुंज मोझरीला पुण्यतिथीला जाऊन आलेल्या बाया आपल्यात पुष्कळ आहेत. आश्विन वद्य पंचमीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तिथे हजारो माणसं जागच्या जागी उभी राहतात. भजन थांबतं, खंजिरी थांबते, लेकरूसुद्धा गप्प होतं. ११ ऑक्टोबर १९६८ ला याच वेळेला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी देह ठेवला, म्हणून ही मौन श्रद्धांजली. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण महाराजांना काय झालं होतं, असं आम्ही गटाच्या बैठकीत विचारलं तर अर्ध्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. त्यांना कॅन्सर झाला होता. यावलीला १९०९ मध्ये जन्मलेला माणूस साठी पूर्ण व्हायच्या आत गेला.

आम्ही ही गोष्ट मुद्दाम पहिल्यांदा सांगतो. आपल्या वस्तीत कॅन्सर म्हटलं की लोक काय काय बोलतात ते आपण रोज ऐकतो. कोणी म्हणतं मागच्या जन्मीचं पाप, कोणी म्हणतं करणी केली, कोणी म्हणतं देवीचं राहिलं होतं. आता सांगा, ज्यांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजवली, ज्यांची ग्रामगीता आपल्या घराघरात आहे, त्यांचं देवाचं काय राहिलं होतं? आजार हा आजार आहे. तो भक्ती पाहून येत नाही आणि भक्ती पाहून जातही नाही. महाराजांच्या माणसांनी त्या काळात होते तेवढे उपचार केले, आणि प्रार्थनाही चालू ठेवली. दोन्ही एकाच वेळी. अंगारेधुपारे, बुवाबाजी यांच्याविरुद्ध महाराज जन्मभर बोलले. ग्रामगीतेत गावाच्या आरोग्यावर वेगळा अध्याय लिहिला. आज नागपुरात मानेवाडा रस्त्यावर कॅन्सर रिलीफ सोसायटीचा जो कॅन्सरचा मोठा दवाखाना आहे, त्याला त्यांचंच नाव आहे. ऑटोवाला नुसतं ‘तुकडोजी’ म्हटलं तरी तिथे नेऊन सोडतो. संताचं नाव मंदिराला देतात ते आपण पाहतो, इथे ते कॅन्सरच्या दवाखान्याला दिलं. आम्हाला हे फार योग्य वाटतं.

आता या आजाराची भीती. भीती बाळगू नका असं म्हणणं सोपं आहे, पण ती उगीच आलेली नाही. फार जुनी आहे. इजिप्त देशात सापडलेली एक वैद्यकाची गुंडाळी आहे, साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. तिच्यात छातीवरच्या कठीण, थंड सुजेचं वर्णन आहे, आणि उपचाराच्या जागी लिहिलंय की यावर उपचार नाही. त्यानंतर पुढची कित्येक शतकं वैद्यांचं उत्तर जवळपास तेच होतं.

ज्यांनी कापायचं धाडस केलं त्यांच्याकडे भूल नव्हती. इंग्लंडची एक लेखिका होती, फॅनी बर्नी. तिची शस्त्रक्रिया ३० सप्टेंबर १८११ ला पॅरिसमध्ये झाली, घरातल्याच खोलीत. एक घोट दारूचा दिला, तोंडावर पातळ रुमाल टाकला आणि सात जण पलंगाभोवती उभे राहिले. रुमाल इतका पातळ की तिला सुरी दिसत होती. बाई शुद्धीवर. हे सगळं तिने नंतर आपल्या बहिणीला पत्रात लिहून कळवलं. ते लिहायला तिला कित्येक महिने लागले, कारण आठवलं तरी डोकं दुखायचं. आजच्या बाईला केमोची गोष्ट सांगताना हुंदका येतो, तसंच. पण पुढची गोष्ट ऐका. ती बाई १८४० पर्यंत जगली. शस्त्रक्रियेनंतर अठ्ठावीस वर्षं! सत्त्याऐंशी वर्षांची होऊन गेली.

भूल आली १८४६ मध्ये. मग अमेरिकेत हॅलस्टेड नावाच्या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. पूर्ण स्तन, त्याच्या खालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं काढायचं. बाई वाचायची, पण हात वर जायचा नाही, सुजायचा. पाऊणशे वर्षं जगभर हेच चाललं. आपल्या आज्यांच्या काळात कोणी बाई ‘छाती कापून’ आली असं ऐकलं असेल तर ते हेच. तिथलेच बर्नार्ड फिशर नावाचे डॉक्टर मग विचारायला लागले की एवढं कापायची गरज आहे का. मोठे डॉक्टर त्यांच्यावर चिडले. पण त्यांनी बायांचे दोन-तीन गट करून वर्षानुवर्षं मोजमाप ठेवलं आणि १९८५ मध्ये दाखवून दिलं की गाठ लहान असेल तर नुसती गाठ काढून वर शेक, म्हणजे रेडिएशन, दिला तरी बाई तेवढीच जगते. म्हणून आज बाई लवकर गेली तर पुष्कळदा स्तन वाचतो. उशीर झाला तर वाचवणं कठीण. ‘कापून टाकतील’ या भीतीने बाया उशीर करतात, आणि त्या उशीरामुळेच कापावं लागतं. ही उलटी गोष्ट आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो.

आपल्या महाराष्ट्रात या उपचाराची पक्की सुरुवात झाली ती एका बाईच्या मरणातून. मेहेरबाई टाटा. श्रीमंत घरची खरी, पण बालविवाहाविरुद्ध, बायांच्या शिक्षणासाठी काम करणारी. साडी नेसून टेनिस खेळायची, ते पाहून परदेशातले लोक चकित व्हायचे. १९३१ मध्ये तिला रक्ताच्या कॅन्सरने नेलं, परदेशात उपचार चालू असताना. नवरा दोराबजी वर्षभरात गेला, पण जाण्याआधी आपली संपत्ती ट्रस्टला देऊन गेला. त्या ट्रस्टने मुंबईला परळमध्ये टाटा हॉस्पिटल उभारलं. २८ फेब्रुवारी १९४१ ला ते सुरू झालं. बायको गेल्याचं दुःख सगळ्यांनाच होतं, पण तिला परदेशात जे मिळालं ते इथल्या गरिबाला इथे मिळावं, ही त्या दुःखाची पुढची पायरी. पुढे १९६२ मध्ये ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे गेलं, आणि आजही तिथे गरीब रोगी मोठ्या संख्येने येतात.

पण नागपूरहून मुंबई आठशे किलोमीटर. विदर्भ एक्सप्रेस, सेवाग्राम एक्सप्रेस पकडून जायचं, उतरायचं, आणि मग राहायचं कुठे? शेक महिनाभर चालतो, केमो तर तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने पाच-सहा महिने. मुंबईत खोलीचं भाडं कोणाला परवडतं? इथे आपले दुसरे संत कामाला येतात. गाडगेबाबा. शेणगावचे, आपल्या अमरावती जिल्ह्यातले. देवळात जाऊन नारळ फोडण्यापेक्षा उपाशी माणसाला जेवू घाला, थकलेल्याला निवारा द्या, एवढंच ते कीर्तनात सांगायचे, आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी, जिथे यात्रेकरू उघड्यावर पडलेले दिसले तिथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या दवाखान्यातले कॅन्सरचे रोगी आणि त्यांची माणसं तिथे अगदी थोड्या पैशात राहतात. तिथे राहून आलेल्या बाया सांगतात की संध्याकाळी जिन्यात, गॅलरीत डोक्याला रुमाल बांधलेल्या पंधरा-वीस बाया बसलेल्या असतात. कोणी जळगावची, कोणी बिहारची, कोणी यवतमाळची. एकमेकींची भाषा पुरती येत नाही. पण कोणाचे केस परत उगवायला लागले की सगळ्या हात लावून पाहतात.

आमच्या मते खरी आशा अशी असते. हाताला लागणारे केस. दवाखान्यात डॉक्टर शंभर वेळा म्हणो की केस परत येतात, बाईचा विश्वास बसतो तो दुसऱ्या बाईच्या डोक्यावर हात फिरवल्यावर.

आमच्या गटातल्या एका मावशीची गोष्ट सांगतो. नाव सांगू नका म्हणाली, गोष्ट सांगा म्हणाली. कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडायच्या कामाला जाते. बाजार आपल्याला माहीत आहे. हंगामात मिरचीचे ढीग, खोकला आणि डोळ्यांची आग, सकाळपासून बसलं की संध्याकाळी पाठ सरळ होत नाही. तिला अंघोळीच्या वेळी गाठ लागली. हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी. दुखत नव्हती, म्हणून तिने आठ महिने कोणाला सांगितलं नाही. बायांनो, इथे थांबून ऐका, या आजाराची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दुखत नाही हेच तिचं फसवणं. मग तिने ताजबागला मन्नत केली, कोराडीच्या देवीला नवस बोलली, आणि दवाखान्यात गेली नाही. कोणीतरी सांगितलं होतं की गाठीला सुई लावली की ती अंगभर पसरते. हे खोटं आहे. सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय गाठ कसली आहे आणि तिला कोणतं औषध लागेल हे डॉक्टरला कळूच शकत नाही.

शेवटी तिला दवाखान्यात कोणी नेलं? तिच्या जावेने. दोघींचं घरच्या वाटणीवरून सहा वर्षं बोलणं नव्हतं. जाऊ आली, म्हणाली, ‘‘भांडण नंतर पुरं करू, चल.’’ ऑपरेशन, सहा केमो, मग शेकाचे पंचवीस दिवस. शनिवार-रविवार सोडून रोज. त्या पंचवीसही दिवशी जाऊ सोबत होती, डब्यात वरणभात घेऊन. दोन केमो झाल्यावर नवरात्र आलं. मावशीचे नऊ दिवसांचे उपवास लग्नापासूनचे. डॉक्टर म्हणाले पोटभर खायचंच, अंड्यासारखं ताकदीचं खायचं. मावशी रडायला लागली की देवीचा कोप होईल. तेव्हा तिची सासू, ऐंशीच्या घरातली, म्हणाली, ‘‘देवी काही हिशेबाची वही घेऊन बसली नाही. तुझे उपास मी धरते.’’ आणि म्हातारीने खरंच धरले. मावशी सांगते की केमोपेक्षा त्या वाक्याने ताकद आली. आम्ही तिला म्हणतो, केमोने गाठ आटवली आणि सासूच्या वाक्याने तू तिसऱ्या केमोला गेलीस. दोघांची कामं वेगळी आहेत.

श्रद्धेबद्दल आमचं म्हणणं एवढंच. आपल्या गटात ग्रामगीता वाचणाऱ्या बाया आहेत, दीक्षाभूमीवर दरवर्षी जाणाऱ्या, रोज बुद्धवंदना म्हणणाऱ्या आहेत, गुरुवारी ताजबागला चादर चढवणाऱ्याही आहेत. रात्री झोप येत नाही, तोंडात फोड आलेले असतात, तेव्हा डॉक्टर घरी नसतो. तेव्हा जप असतो, वंदना असते, शेजारीण असते. ते कोणी हिरावू नये. पण तारीख चुकवायला लावणारी श्रद्धा मात्र ओळखा. जो बुवा म्हणेल की आधी माझे एकवीस दिवस करा, मग दवाखान्यात जा, त्याला हात जोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. जडीबुटी कोणी दिली असेल तर ती लपवू नका, पुडीसकट डॉक्टरला दाखवा.

आणि आणखी एक. गटातली आमची दुसरी एक मैत्रीण वाचली नाही. गाठ फार पुढे गेल्यावर कळली होती. तिच्या तेराव्याला एक बाई म्हणाली की तिचा विश्वासच कमी पडला. आम्हाला तेव्हा मोझरीची आठवण झाली. महाराजांचा विश्वास कमी पडला होता का? असं बोलणं हा क्रूरपणा आहे, मेलेल्या बाईवरही आणि मागे राहिलेल्या लेकरांवरही. ती शेवटपर्यंत हसत होती, शेवटच्या महिन्यात तिने लेकीच्या शाळेची फी गटातून कर्ज काढून भरली. आशा म्हणजे वाचण्याची हमी, असं तिने कधी धरलं नव्हतं. लेक दहावी होईल, एवढी तिची आशा होती, आणि लेक दहावी झाली.

आता बायांनी बायांसाठी केलेली एक मोठी गोष्ट. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून टाटा हॉस्पिटलने एक अभ्यास चालवला, वीस वर्षं. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बाया त्यात होत्या. मशीन वापरलं नाही. निदान दहावी शिकलेल्या बायांना प्रशिक्षण दिलं, आणि त्या दर दोन वर्षांनी अर्ध्या बायांची छाती हाताने तपासायच्या. डॉक्टर नाही, आपल्यासारख्या बाया! २०२१ मध्ये निकाल छापून आला. पन्नाशीच्या पुढच्या बायांमध्ये या आजाराने होणारी मरणं जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाली. पन्नाशीच्या आतल्या बायांमध्ये तसा फरक दिसला नाही, तेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या सासवांनो, ‘आता या वयात काय दाखवायचं’ असं म्हणू नका. तपासणी तुमच्याच सगळ्यात उपयोगाची आहे. आणि तरुण सुनांनो, तुम्हाला गाठ लागली, बोंडातून रक्त आलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली, बोंड आत ओढलं गेलं, तर वाट पाहू नका.

त्याच हॉस्पिटलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सोबत्यांनी आणखी एक साधी गोष्ट करून दाखवली. ऑपरेशनच्या आधी गाठीच्या भोवती बधिर करायचं साधं इंजेक्शन द्यायचं, दात काढताना देतात तसल्या औषधाचं. देशातल्या ११ दवाखान्यांत १,६०० बायांवर हा अभ्यास झाला आणि २०२३ मध्ये छापून आला. इंजेक्शन दिलेल्या शंभरातल्या ९० बाया पाच वर्षांनी जिवंत होत्या, न दिलेल्या शंभरातल्या ८६. खर्च शंभर रुपयांच्या आत. चार बाया जास्त, म्हणजे चार घरं. आणि दुसरी गोष्ट पाहा, साधं इंजेक्शन न मिळालेल्यांतही शंभरात ८६ जणी होत्या. इजिप्तच्या त्या गुंडाळीत ‘उपचार नाही’ लिहिलं होतं.

आपल्या नागपुरात तर आता मुंबई गाठायची गरज पुष्कळांना पडत नाही. तुकडोजी आहे, मेडिकल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट झालं. नागपुरात कॅन्सरच्या रोग्यांची मोजणी १९८० पासून चालते, आणि बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली खेड्यांतली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. आपण मोजले गेलो म्हणून दवाखाने आले, हे विसरू नका. आशाताई घरी येऊन सीबॅकचा फॉर्म भरते, तेव्हा छातीत गाठ आहे का हा प्रश्न विचारते. तिला ‘नाही, नाही’ म्हणून वाटेला लावू नका.

पैशाचं. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात आपल्या जिल्ह्यासह सगळ्या राज्यात आली, आणि आता ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक त्यात बसतात. दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्यांदा त्याला भेटा. मुंबईला जावंच लागलं तर रेल्वेच्या तिकिटात रोग्याला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत आहे, दवाखान्याचा ठरल्या नमुन्याचा दाखला लागतो. बुडालेली मजुरी मात्र कोणी भरून देत नाही. रोज शेकाला न्यायचं म्हणजे एका घरातल्या दोघींची मजुरी बुडते, आणि उपचार अर्धवट सुटतात ते पुष्कळदा इथेच.

म्हणून आम्ही गटात असं ठरवलंय. ज्या बाईचा उपचार चालू आहे तिचा कर्जाचा हप्ता तेवढे महिने थांबवायचा, व्याज लावायचं नाही. सोबतीची पाळी लावायची, दर बाईला आठवड्यात एक दिवस, म्हणजे एकीवर भार येत नाही. तिच्या तारखा बैठकीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायच्या, सण-उपवास शेजारी लिहून, म्हणजे कोणता दिवस कशाला आड येतो ते आधीच कळतं. मावशी आता रोज एक गोळी घेते, पाच वर्षं घ्यायची आहे, आणि गोळी घेतली की नाही हे विचारायचं काम तिच्या जावेकडे आहे. भांडण अजून पुरं झालेलं नाही.